काचेवर जुळलेलं उत्तर

माझ्या सासुरवाडीची माणसं मला अजून विचारतात, "भावोजी, तुम्ही कॉम्प्युटरमध्ये होतात म्हणजे नक्की काय करत होतात?" जन्मभर नोकरी केली, तिच्यावर मुलुंडला घर केलं, पोरांची लग्नं केली, पण या प्रश्नाला धड उत्तर देता आलं नाही. "दुरुस्ती" म्हणावं तर लोक घरातला बिघडलेला टीव्ही पुढे करतात. म्हणून हल्ली मी सांगतो, "बिऱ्हाडं हलवायचो." त्यावर निदान कुणी पुढे काही विचारत नाही.

पण ते खरंच आहे. ऐंशीच्या दशकात अंधेरीला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहानशी कंपनी होती. कारखान्यांनी, प्राध्यापकांनी, इंजिनियर मंडळींनी खोलीएवढ्या जुन्या यंत्रांवर आपापले शास्त्रीय हिशेबांचे प्रोग्रॅम लिहून ठेवले होते. कारखान्याचं धुरांडं वाऱ्यात किती डोलेल, टाकीची भिंत किती जाड हवी, असले हिशेब. आता ती यंत्रं म्हातारी झाली होती आणि कपाटाएवढी नवी यंत्रं येत होती. पण प्रत्येक यंत्राचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, वेगळ्या घडणीचा. जुना मेंदू एका आकड्याला ऐसपैस जागा देणार, नवा चाळीतल्या खोलीएवढी. जुन्या घरातलं कपाट नव्या घराच्या दारातून आत जात नाही, तसं प्रोग्रॅमचं व्हायचं. ते सामान आत बसवून देणं हा आमचा धंदा.

दुखणी दोन प्रकारची असत. पहिल्यात नवं यंत्र प्रोग्रॅम स्वीकारायचंच नाही, चुकांची यादी तोंडावर फेकायचं. हे दुखणं बरं. भांडखोर माणूस परवडतो, कारण त्याच्या मनात काय आहे ते कळतं. दुसऱ्या दुखण्यात यंत्र सगळं गुमान स्वीकारायचं, चालवायचं आणि उत्तर भलतंच द्यायचं.

मुलुंडच्या एका कारखान्याच्या इंजिनियरचं धुरांडं जुन्या यंत्रावर वीतभर डोलायचं आणि नव्यावर आडवं पडायचं. तो माणूस घाबराघुबरा होऊन आला, कारण खरं धुरांडं बांधून उभं होतं. कारण निघालं साधं. जुनं यंत्र कामाला बसण्याआधी आपली सगळी पाटी पुसून कोरी करायचं. नव्याला ती सवय नव्हती. त्याच्याकडे आधीच्या गिऱ्हाइकाचे आकडे तसेच पडलेले असायचे. धुतलेल्या ताटात जेवायची सवय झालेला माणूस उष्ट्या ताटावर बसला, एवढंच झालं होतं. "म्हणजे माझं धुरांडं पडणार नाही ना?" असं त्या गृहस्थांनी मला त्या दिवशी इतक्या वेळा विचारलं, की शेवटी मीच धुरांड्याच्या बाजूने शपथ घेतली.

आणि बोरिवलीचे एक प्राध्यापक होते. त्यांचा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर मधेच बंद पडायचा. नेमका कुठे ते शोधायला मी मधे एक ओळ घातली, की इथपर्यंत पोचलास तर 'गणपती बाप्पा मोरया' असं छाप. ओळ घातली आणि प्रोग्रॅम सुरळीत चालला. काढली की बंद. पुन्हा घातली की चालू. खरं कारण मला आठवड्याने सापडलं, मी ते दुरुस्त केलं आणि ती ओळ काढून टाकायला लागलो, तर प्राध्यापकांनी माझा हात धरला. म्हणाले, "राहू दे हो. तुमचं काय जातं?" राहिली. त्यांच्या शोधनिबंधाच्या प्रत्येक तक्त्यावर शेवटपर्यंत बाप्पाचा जयजयकार होता.

हे सगळं गमतीचं. आता जे सांगतो ते शालिनी परबबद्दल आहे. या धंद्यात माझ्या ओळखीत तिच्या तोडीचं माणूस झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

त्याआधी आमचा रिवाज सांगायला हवा. बिऱ्हाड नीट हललं की नाही हे ठरवायचं कसं? प्रत्येक गिऱ्हाइकाकडून नमुन्याच्या उदाहरणांचा एक गठ्ठा घ्यायचा. ती उदाहरणं जुन्या यंत्रावर सोडवायची, मग नव्यावर. दोन्हींची उत्तरं छापून घ्यायची आणि ते दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला चिकटवायचे. मागून ऊन आलं की आकड्यावर आकडा बसलाय का ते दिसायचं. बसला की उदाहरण पास. आमच्याकडे सकाळी 'कसा आहेस' असं कुणी विचारत नसे, "काचेला लागलं का?" असं विचारत.

जुन्या यंत्राचं उत्तर ते खरं उत्तर, हा या रिवाजाचा पाया. जुनं यंत्र म्हणजे घरातली सासू. ती म्हणेल ती पूर्व दिशा. आमचे साहेब करंदीकर तर म्हणायचे, "परीक्षा बदलायची नसते. विद्यार्थी बदलायचा." एकाही माणसाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

शालू परब आमच्याकडे आली तेव्हा एका वर्षाच्या कच्च्या बोलीवर आली होती. वर्ष सरताना साहेबांनी ठरवायचं, पक्की की घरी. घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत राहायची. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली ती उघडलीच नाही. धाकटी दोन भावंडं शाळेत. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. घरी बसून वेळ जात नाही म्हणून परबकाका रोज दुपारी स्वतः बसने तिचा डबा घेऊन यायचे आणि वॉचमनच्या बाकड्यावर टेकायचे. ती खाली गेली की त्यांचा एकच प्रश्न, "काय गो शालू, झाली काय पक्की?" ती म्हणायची, "होतली हो बाबा. आधी भात तर खाऊ दे." रोज तेच. ऐकून ऐकून वॉचमनसुद्धा माझ्याकडे आशेने बघायला लागला होता.

तिच्या वाट्याला आलं रेगे डॉक्टरांचं काम. डॉक्टर गुरांचे. बोरिवलीला राहायचे आणि आरे कॉलनीच्या पलीकडच्या अंगाला एका खासगी पशुखाद्याच्या कारखान्याचा कारभार बघायचे. अंगाला कायम मळीचा गोडसर वास. त्यांचा प्रोग्रॅम असा की शेंगदाण्याची पेंड, सरकीची पेंड, कोंडा, मळी, मीठ, युरिया, सगळ्यांचे बाजारभाव द्यायचे, म्हशीला पौष्टिक काय आणि किती लागतं ते द्यायचं, आणि यंत्राने सांगायचं की स्वस्तात स्वस्त खाद्य कुठल्या मिश्रणाने होईल. मला तो प्रोग्रॅम फार आवडायचा. घराघरांत बायका डोक्यात हाच हिशेब रोज करतात आणि त्यांना कुणी शास्त्र म्हणत नाही.

महिनाअखेरीला आमचं जुनं यंत्र कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे जायचं होतं. त्याआधी डॉक्टरांचं बिऱ्हाड हलायला हवं. आणि शालूचं वर्षही त्याच महिन्यात सरत होतं. बाकीची उदाहरणं एकेक करून काचेला लागली. एक मात्र हटून बसलं. दुभत्या म्हशीच्या खाद्यात जुनं यंत्र सरकीची पेंड भरपूर घालायचं, तर नवं शेंगदाण्याची. आकड्यावर आकडा बसायचं नावच नाही.

शालूने ते उदाहरण हाताने सोडवायला घेतलं. टेबलावर कागद पसरले, डबा तसाच राहिला. एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "विजू, दोन्ही बरोबर आहेत."

"म्हणजे?"

"अरे, भाव असे पडलेत की दोन्ही मिश्रणांची किंमत सारखीच येते. पैशाचासुद्धा फरक नाही. पौष्टिकपणाही दोन्हींत पुरेसा आहे. तराजू अगदी समतोल आहे. मग शेवटच्या आकड्यात जुनं यंत्र केसभर इकडे झुकतं, नवं केसभर तिकडे. प्रोग्रॅममध्ये चूक नाहीच आहे, यार. आपण नसलेली चूक शोधतोय."

मी तपासलं. बरोबर होतं. "झकास!" मी म्हटलं. "मग सोपं आहे. शेंगदाण्याचा भाव प्रोग्रॅममध्ये गुपचूप केसभर वाढव. नवं यंत्र सरकीकडे झुकेल, कागद काचेला लागेल, तू पक्की होशील. पार्टी दे."

ही युक्ती आमच्याकडे सर्रास चालायची. तिला जुळवाजुळव म्हणत आणि त्यात कुणाला लाज वाटत नसे. शालूने हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "आणि उद्या शेंगदाणा खरोखर केसभर स्वस्त झाला तर?"

"म्हशीला कळणार आहे?"

"मला कळेल ना."

ती तडक साहेबांकडे गेली, मागोमाग मी. तिने त्यांना सांगितलं की उत्तराला उत्तर जुळतं का हे बघणंच चूक आहे. नव्या यंत्राने दिलेलं मिश्रण घ्यावं आणि एकेक अट लावून पाहावी. प्रथिनं पुरली का? मळी मर्यादेत आहे का? किंमत जुन्यापेक्षा जास्त तर नाही? सगळ्या अटी पाळल्या तर पास, मग कागद जुळो न जुळो. थोडक्यात, तिला परीक्षाच बदलायची होती.

करंदीकर साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांचा चेहरा असा झाला की जणू तिने देवघरातला देव बदलायला सांगितलाय. "परबबाई, गणित अडलं की पेपरच बदलायचा, ही कुठली पद्धत? महिनाअखेरीला कागद काचेला लागलेला दिसला पाहिजे. नाहीतर तुमच्याबद्दल मला वेगळा विचार करावा लागेल."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वाट लागली. शालू, हट्ट करू नकोस. खाली तुझे बाबा बसलेत."

"माहितेय मला कोण बसलंय ते," ती म्हणाली. माझ्यावर ती अशी एकदाच खेकसली. मग खाली गेली, डबा खाल्ला, वडिलांना "होतली हो बाबा" म्हणाली आणि वर येऊन आपली परीक्षा लिहायला बसली.

इथे तिने एक गोष्ट केली, जी मला कधीच सुचली नसती. अटी आमच्याकडे होत्याच. जुन्या कार्डांवर भोकं पाडून कधीकाळी यंत्रात घातलेल्या, पुढे टेपवर उतरवलेल्या. मी म्हटलं, तिथूनच उचल. ती म्हणाली, "प्रोग्रॅम त्याच अटी वाचतो. मीही त्याच वाचल्या तर मी काय वेगळं तपासलं? चोराला चोराचीच साक्ष." आणि तिने मला आरेच्या बसमध्ये घातलं.

झाडीतून वळत वळत आम्ही डॉक्टरांच्या कारखान्यावर पोचलो. डॉक्टर पोत्यांच्या थप्पीला टेकून पेंड चावून बघत होते. "या. चाखणार?" मी नम्रपणे नाही म्हटलं. शालूने चाखली. तिने त्यांना विचारलं, की कागद न बघता सांगा, कुठल्या जनावराला काय किती चालतं. डॉक्टर खुलले. त्यांना असं कुणी विचारतच नसे. दुभती म्हैस, गाभण म्हैस, भाकड म्हैस, ते सांगत गेले, ती लिहीत गेली. शेवटी वासरांवर आले. "वासरांचं खाद्य आम्ही अजून बाजारात काढलेलं नाही. उदाहरण पूर्वीच करून ठेवलंय. नवं यंत्र लागलं की पहिलं तेच काढायचं. वासराला युरिया नाही, बरं का. चिमूटभरसुद्धा नाही. मोठ्या जनावराच्या पोटात थोडा जिरतो, वासराला ते विष."

तिने लिहून घेतलं.

महिनाअखेर आली. जुनं यंत्र उचलायला भंगारवाल्याची माणसं येऊन माप घेऊन गेली होती. साहेब टेबलाशी आले आणि म्हणाले, "लागलं का काचेला?"

"नाही, सर."

"मग?"

"माझी परीक्षा तयार आहे."

साहेब आवाज न चढवता म्हणाले, "तुमची परीक्षा काय, काहीही पास करेल."

"मग सगळी उदाहरणं तिच्यातून काढू, सर. जुळलेलीसुद्धा."

साहेबांनी खुर्ची ओढली. एकेक उदाहरण निघायला लागलं. हटून बसलेली दुभती म्हैस तर दोन्हीकडून पास झाली, सरकी घालूनही आणि शेंगदाणा घालूनही. गाभण पास, भाकड पास. वासराचं उदाहरण आलं. नापास.

जुन्या यंत्राचं उत्तर नापास. नव्या यंत्राचंही नापास. दोघांचं उत्तर एकच होतं, आणि त्याचे कागद काचेला लागून केव्हाच पास झाले होते.

साहेब उठले. "झालं? जे उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतं, ते तुमची परीक्षा चूक ठरवते. आता तुम्हीच सांगा, चूक कुणाची?"

मला वाटलं, संपलं. शालूचा चेहरा उतरला होता. पण तिने मान खाली घातली ती कागदात. कुठली अट मोडली तेही तिच्या परीक्षेने छापलं होतं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकच शब्द वाचला, "युरिया."

वासराच्या खाद्यात दोन्ही यंत्रांनी युरिया घातला होता. चिमूटभर नव्हे, चांगला भरपूर. त्यांचा दोष नव्हता. युरिया स्वस्त, त्याने प्रथिनांचा हिशेब भरतो, आणि 'वासराला युरिया नको' ही अट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. कार्डं टेपवर उतरवताना ते एक कार्ड कधी गळलं देव जाणे. बिनअटीचं गणित जुन्या यंत्राने सोडवलं, नव्याने सोडवलं, दोघांनी अगदी अचूक सोडवलं, आणि आम्ही ते उन्हात धरून वाहवा केली.

साहेबांनी स्वतः डॉक्टरांना फोन लावला. मग डॉक्टर रिक्षा करून आले, पायात कारखान्यातल्या स्लिपर तशाच. कागद हातात घेऊन उभ्याउभ्या वाचला. साहेबांनी विचारलं, "तुमच्या लक्षात आलं असतं ना, डॉक्टर?"

"आलं असतं," डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, "कदाचित नसतंही. इतकी वर्षं यंत्राचा कागद येतो आणि मी सही करतो, साहेब. वासरांचं मिश्रण पुढच्या आठवड्यात कारखान्यात लागणार होतं."

मग करंदीकर साहेब खिडकीपाशी गेले. वासराच्या उदाहरणाचे दोन कागद अजून काचेवर होते, मागून छान ऊन आलेलं, आकड्यावर आकडा नेमका बसलेला. साहेबांनी ते हळूच सोडवले. आमच्याकडे वळून म्हणाले, "परबबाई, आजपर्यंत या ऑफिसातून गेलेलं प्रत्येक काम मला तुमच्या पद्धतीने पुन्हा तपासून हवंय. माणसं किती लागतील ते सांगा." ज्या रिवाजावर त्यांची सगळी कारकीर्द उभी होती, तो त्यांनी आमच्यादेखत काचेवरून उतरवला. मोठा माणूस. त्यांना मी पुष्कळ नावं ठेवली, पण त्या दिवसानंतर कधी नाही.

पक्केपणाचं पत्र तिला दुसऱ्या दिवशी मिळालं. दुपारी परबकाका आले, त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि वॉचमननेच ओरडून सांगितलं, "काका, झाली, झाली!" काकांनी डबा बाकड्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

जुळवाजुळव आमच्याकडे नंतर कुणी केली नाही. पुढे किती मेंदू आले आणि गेले. प्रत्येक नव्या मेंदूबरोबर उत्तरं शेवटच्या आकड्यात इकडेतिकडे व्हायचीच, आणि आमची नवी पोरं घाबरून धावत यायची. आम्ही त्यांना शालूच्या भाषेत विचारायचो, "वेगळं आहे, की चूक आहे?" एवढं विचारायला शिकलो म्हणून आमची कंपनी टिकली, असं माझं मत आहे.

वासरांचं खाद्य निघालं तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना कारखान्यावर बोलावलं. मागच्या गोठ्यात काही पारडी आणि वासरं बांधलेली होती. डॉक्टरांनी शालूच्या हातावर नव्या खाद्याची मूठ ठेवली. "द्या तुमच्या हाताने." एक तांबडं वासरू पुढे आलं. आधी हुंगलं, मग खरखरीत जिभेने तिचा पंजा चाटून पुसून साफ केला आणि आणखी हवं म्हणून मनगटाला डोकं घासायला लागलं. शालू हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. इतक्या दिवसांत, नोकरी जायची वेळ आली तेव्हाही, तिच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. मी आपलं काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "अगं, आता काय झालं? सगळं नीट झालं ना?"

तिने दुसऱ्या हाताने वासराचा कान धरला होता. म्हणाली, "जुळलं होतं रे, विजू. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं होतं."